सटुप्पाच्या वहाणा

ब्रह्मलिंगाच्या पायरीपासून मलप्रभेच्या कडेपर्यंत
सटुप्पाकाका दर दसऱ्याला मोजायचा,
चवड्याला टाच लावून, एक एक.
धुणं आपटता आपटता बायका हसायच्या,
“काय हो, नदीला झंपर शिवताय काय?”
तो थांबायचा नाही. थांबलं की आकडा चुकतो.

मग पडवीत बसून
एका जुन्या विम्याच्या डायरीत लिहायचा:
दोनशे बारा.
दोनशे सहा.
एकशे नव्वद. आणि त्याच्यापुढं,
“धुण्याचा धोंडा गेला. वरचा, चौकोनी.”
माणूस गेल्यागत.

पूर काठ नेतो म्हणतात. खरं
आमचा काठ पूर ओसरताना जायचा.
पाण्यानं टेकू काढून घेतल्यावर
फुगलेली माती रात्री कधीतरी
धप्पकन बसायची, पोतं टाकल्यासारखी.
आम्ही पोरं अंथरुणात मोजायचो. एक. दोन.
काका म्हणायचा, झोपा आता, तिसरा सकाळी बघू.

धारवाडहून इंजिनिअर आला.
तारेच्या जाळीत दगड भरले, पन्नास मीटर,
कानडीत पाटी लावली, नारळ फोडला.
दोन पावसाळे भिंत जागची हलली नाही.
तिसऱ्याला नदी तिच्या पाठीमागून गेली,
आणि पलीकडं बसव्वाच्या मिरचीत शिरली.
बसव्वा तिकडून ओरडत होती, कानडीत,
हात आमच्या भिंतीकडं.
एक शब्द समजावून सांगावा लागला नाही कुणाला.

रात्री ट्रॅक्टर यायचे, दिवे बंद करून.
वाळू गेली की तळ खाली जातो,
तळ खाली गेला की काठ उंच होतो,
उंच काठ म्हणजे
पायाखालचं स्टूल ओढलेला माणूस.
काकानं हे पंचायतीत सांगितलं तेव्हा
ट्रॅक्टरवाला अध्यक्षाच्या शेजारीच होता,
बशीत चहा ओतत.

काका गेला त्या वर्षीचा आकडा: एकशे चाळीस.

पुढच्या दसऱ्याला मी मोजलं.
एकशे एक्कावन्न!
पळत घरी आले, म्हटलं, आई, नदीनं अकरा परत दिले.
आईनं माझ्या पायांकडं बघितलं.
माळ्यावरून त्याच्या कापशी वहाणा काढल्या,
धूळ झटकली, पुढ्यात ठेवल्या.
त्या घालून परत गेले.
एकशे चौतीस.

मग आम्ही मागं सरलो.
सोपं नव्हतं. पंपघर हलवायचं म्हटल्यावर
दोन भाऊबंद अजून बोलत नाहीत.
स्मशानाचा चौथरा वर आणला.
चाळीस फुटांची पट्टी नदीला सोडली,
घरातल्या तापट म्हाताऱ्याला
उंबऱ्याजवळची जागा सोडतात तशी.
म्हशींना उतरायला एकच वाट.
पाण्यालगत वाळुंजाच्या फांद्या खोचल्या,
त्याच्यावर वाळा, त्याच्यावर चिवा.
अर्ध्या फांद्या पाण्यानं उपटल्या. परत खोचल्या.
ट्रॅक्टरच्या वाटेत एका रात्रीत चर पडला,
मष्णूनं ब्रह्मलिंगाच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं,
“मी नव्हे,” आणि त्याची नखं मातीनं भरलेली.

वाळुंजाच्या दीडशे फांद्या पलीकडं पाठवल्या.
बसव्वानं मोजून घेतल्या.
ओंदु, एरडु, मूरु,
आवाज पाण्यावरून येत राहिला तिन्हीसांजेपर्यंत.
तीन कमी निघाल्या. त्या पण मागून घेतल्या.

यंदा गेले मोजायला.
वहाणांचा अंगठा तुटलाय, सुतळीनं बांधलाय.
एकशे तेहतीसाव्या पावलाला
टाच मातीवर होती
आणि चवडा वाळ्याच्या मुळांवर.
मुळं हवेत लोंबत होती, खाली पाणी.
माती नव्हती तिथं,
खरं पाय खाली गेला नाही.

हे कसं लिहायचं, काकानं सांगितलं नव्हतं.
एकशे तेहतीस लिहिलं
आणि पुढं थोडी जागा सोडली.